घाटात कोणी उतरायचं नाही

गुलाब,

तीन आठवडे तुझ्या इंजिनाचा ब्लॉक माझ्या सिलिंडर कातायच्या बोरिंग मशीनशेजारी पोत्याखाली पडून आहे. पोतं टाकलं कारण येता-जाता ती सहा भोकं माझ्याकडे बघायची आणि माझं डोकं फिरायचं. गिऱ्हाइकं विचारतात, हे काय झाकून ठेवलंय. मी त्यांच्या अंगावर धावून जातो. काल एका भल्या माणसाला, ज्याचा पाण्याचा पंप महिनाभर माझ्याकडे खितपत पडलाय, मी नको ते बोललो. तो बिचारा पंप तसाच ठेवून निघून गेला. हे सगळं तुझ्यामुळे.

परवा तुझ्या गॅरेजातला रहीम ब्लॉक न्यायला येणार आहे. तुझ्या आईनं निरोप धाडलाय की पोराची गाडी पुरी करायची. म्हणजे लायनर घालायचे की नाही, ते मला एकट्याला दोन दिवसांत ठरवायचं आहे. आयुष्यभर प्रत्येक गोष्टीत नाक खुपसलंस आणि नेमक्या या गोष्टीच्या वेळी तू जागेवर नाहीस.

अमरावतीत तुझ्या शोकसभेत चार जण बोलले. एक म्हणाला, गुलाबभाऊ शांत स्वभावाचे होते. दुसरा म्हणाला, त्यांनी कधी कुणाचं मन दुखवलं नाही. मी मागच्या बाकावर दात आवळून बसलो होतो. शांत? तू? पंधरा वर्षांत माझ्याशी एकदा तरी सरळ बोललास का? माझ्या दुकानात पाऊल टाकायच्या आधी बाहेरूनच ओरडायचास, "वास्या, आज कोनाचं इंजिन बिघडवून राहिला बे?" मला दोन शब्द बोला म्हणाले. मी मान हलवून नाही म्हटलं. चार लोकांत मला तुझ्याबद्दल जे बोलायचं होतं ते बोलता आलं नसतं. मला तुझा राग आलाय, गुलाब, आणि तो काही केल्या उतरत नाही.

भांडण काय होतं ते पुन्हा एकदा मांडतो, कारण माझं म्हणणं तू नेहमी अर्धंच ऐकायचास.

तुझी ती मिलिटरीच्या लिलावातली वॅगन मोटार. सहा सिलिंडरचं इंजिन, दोनदा रिबोअर झालेलं, दोन्ही वेळा माझ्या हातानं. घासलेला सिलिंडर आतून कातून गुळगुळीत करायचा, म्हणजे भोक मोठं होतं आणि भिंत तेवढी पातळ होते. दोनदा कातल्यावर भिंतीत किती बीड उरलं, ते देवालाच ठाऊक. आणि अशा म्हाताऱ्या इंजिनावर तू टर्बो चढवायला निघालास. धरणाच्या कामावरच्या मोडीत निघालेल्या जनरेटरचा तो गोगलगायीसारखा वळलेला लोखंडी डबा तू पोत्यात घालून असा आणलास, जशी काही वरूडची संत्री आणलीस. माझ्या टेबलावर ठेवलास आणि आतलं चाक बोटानं फिरवून दाखवलंस.

"पाय, सायलेन्सरातून जो धूर फुकट जाते ना, थोच हे चाक फिरवते. हे चाक हवा कोंबते. तेच इंजिन, अन् जोर दीडपट. बर्माच्या लढाईत विमानाले पायलं म्या."

मी चाक फिरवून बघितलं. खोटं कशाला बोलू, मलाही भुरळ पडली. पण मी कातारी माणूस. माझं लक्ष चाकाकडे कमी आणि तुझ्या सिलिंडरकडे जास्त.

"गुलाब, भित्ती पातय झाल्या. एवढा जोर आला तं सिलिंडर उभा फाटन. सहाही भोकांत लायनर ठोकू, मंग लाव काय लावाचं थे."

लायनर म्हणजे बिडाची पोकळ नळी. सिलिंडरच्या आत ती घट्ट बसवायची, की जुन्या भिंतीला आतून नवी भिंत मिळते. रोजचं काम आहे माझं. पण तू असा भडकलास, जशी मी तुझ्या आईला शिवी दिली.

"अन् थो लायनर बसवाले तू अजून कातशीन? आहे थे बी खाशीन? दोन भित्तीच्या मंधात आग अडकते, वास्या. भवतालच्या थंड पान्यापर्यंत पोचलीच नाई तं पिस्टन जाम होईन. तुह्या मशीनले काम पायजे म्हनून माह्या इंजिनाले काहून दोन सदरे घालतं?"

तुझंही खोटं नव्हतं. तोच तर माझा संताप आहे. खोटं असतं तर मी तुला तिथल्या तिथे गप्प केलं असतं.

ही गाडी तुझ्या डोक्यात का बसली होती, ते मला माहीत होतं. छप्पन साली दीक्षेला नागपूरला जायचं म्हणून तू हीच वॅगन काढलीस. त्याआधी चारच दिवस मी इंजिनाचा पहिला रिबोअर करून दिला होता. सांगितलं होतं तुला, नवीन कातलेलं इंजिन आहे, पाचशे मैल रिकामं चालव, ओझं घालू नको. तू म्हणालास, "तारीख काय इंजिनाले इचारून ठरते काय?" आणि बावीस माणसं घातलीस. तळेगावच्या घाटात पाणी उकळलं. सगळ्यांना उतरावं लागलं. रिकामी गाडी वर चढली आणि मागून माणसं चालत आली. त्यात तुझी आई. पांढरं लुगडं, पायात काही नाही, दर वळणावर दम खायला थांबायची.

परत आल्यावर तू मला हे सांगितलंस, तेव्हा पहिल्यांदा तुझा आवाज चढला नाही. "माही माय जिंदगीभर चालतच आली, वास्या. त्या दिवशी तं बसून जायची व्हती." इंजिन तापलं ते माझ्या कातण्यामुळे नव्हे हे मला ठाऊक होतं, तुलाही ठाऊक होतं, पण दुसरा कुणी असता तर माझ्या नावानं बोंब मारली असती. तू माझं नाव घेतलं नाहीस. नुसतं म्हणालास, "आता माह्या गाडीतून घाटात कोनी उतराचं नाई." मी त्या प्रवासाला नव्हतो. मला कुणी बोलावलं नाही, आणि मीही येतो म्हणालो नाही. त्यावर आपण कधी बोललो नाही. इतक्या गोष्टींवर भांडलो आणि ही गोष्ट मात्र दोघांनी बाजूला ठेवून दिली. आता ती माझ्याकडेच राहिली.

तेव्हापासून तुला जोर हवा होता. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट, गाडी भरलेली, आई पुढच्या सीटवर, आणि मध्ये कुठे थांबायचं नाही. बस. एवढ्याचसाठी तो टर्बो.

महिनाभर आपण भांडलो. अमरावतीत तीन बोरिंगवाले असताना तू दर ब्लॉक साठ मैलांवरून अकोल्याला माझ्याकडे आणायचास. एकदा मी विचारलं, एवढ्या दूर काहून येतं? म्हणालास, "तिथले चांगलं काम करते, पन कोनी भांडत नाई." त्याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता. आता वाटतं, तिथल्याच कुणाकडे गेला असतास तर आज जिवंत असतास.

तू छोट्या हातोडीनं सिलिंडरची भिंत टकटक वाजवायचास आणि कान लावून ऐकायचास. "आवाज भरीव आहे." मी म्हणायचो, लग्नाची पोरगी पाहायला आला काय? भिंत मोजायची तर ब्लॉक फोडावा लागतो, आणि तुझा फोडला तर गाडीच संपली. मग तूच शोध लावलास की त्याच लिलावातली दुसरी वॅगन बाळापूरच्या एका शेतकऱ्यानं घेतली होती, ती केव्हाच मेली, आणि तिचा ब्लॉक त्याच्या गोठ्यात पडलाय. त्याच साच्यातला, त्याच ओतीचा आणि तसाच दोनदा कातलेला. आपण गेलो. बघतो तर ब्लॉकच्या एका भोकातून दोरखंड ओवलेला आणि त्याला म्हैस बांधलेली. सात वर्षं त्या म्हशीनं त्याच्यावर शेण-मूत केलं होतं. तो शेतकरी म्हणाला, "तुमी हे नेता, पन म्हैस कशाले बांधू?" तू सदरा काढून ठेवलास, त्याच्याच बाभळीचा खुंटा तासलास, जमिनीत ठोकलास, म्हैस स्वतः बांधलीस आणि ओढून बघितलीस. मग त्या म्हशीच्या पाठीवर थाप मारून म्हणालास, "बाई, तुह्यामुळं या वास्याचं तोंड बंद होनार आहे." एका ट्रकवाल्याला विनवून आपण तो ब्लॉक अकोल्याला आणला. वाटेत तू त्याच्यावर बसून गात होतास. तुझा आवाज भसाडा होता. तेही शोकसभेत कुणी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या अंगणात तू घण घेतलास. मी म्हटलं, आधी धुऊन घेऊ. तू म्हणालास, आंघोळ नाई घालाची त्याले, फोडाचं आहे. तिसऱ्या घावाला ब्लॉक तडकला. चौथ्याला बिडाची एक कपची उडाली आणि तुझ्या डाव्या हाताच्या अंगठ्याखाली घुसली. तू ती स्वतःच उपटलीस. बोटभर खोल गेली होती. मी काय केलं? जे आपण सगळे गॅरेजवाले करतो तेच. पेट्रोलचा डबा घेतला आणि जखमेवर ओतलं. पेट्रोलनं सगळं मरतं, असं मला माझ्या उस्तादानं जिनिंगच्या कारखान्यात शिकवलं होतं, आणि त्याला त्याच्या उस्तादानं. तू शिव्या देत उड्या मारल्यास. मी त्यावर ग्रीसचं बोट फिरवलं आणि मशीन पुसायची चिंधी गच्च बांधली. आणि आपण भिंत मोजायला बसलो.

त्या दिवसाचं मी लोकांना इथपर्यंतच सांगतो.

तेरा दिवसांनी तू गेलास. धनुर्वात. दहाव्या दिवशी रहीम धावत अकोल्याला आला, मिस्त्रीले दवाखान्यात टाकलं म्हणाला. मी तसाच निघालो. काळे पडदे लावलेली खोली. दारातच सांगितलं, बोलायचं नाही, पायाचाही आवाज करायचा नाही, आवाज झाला की झटका येतो. तुझा जबडा आवळलेला, पाठ कमानीसारखी उचललेली. डोळे तेवढे उघडे. मी तुझ्यासमोर उभा राहिलो. पंधरा वर्षं आपण ओरडूनच बोललो होतो, आणि आता मी घसा खाकरला असता तरी तुझ्या हाडांत कळ उठली असती. मला एक वाक्य बोलायचं होतं. मी ते तोंडात धरून अर्धा तास उभा राहिलो. तू माझ्याकडे बघत होतास. मग मला बाहेर जायला सांगितलं. पुढचे दोन दिवस आत सोडलंच नाही, आणि तिसऱ्या दिवशी सोडून काही उपयोग नव्हता.

आता माझा राग ऐक. तू मिलिटरीत होतास. कुणालाही विचार, मिलिटरीत खरचटलं तरी सुई टोचतात. तूच मला दंड उघडा करून दाखवायचास, इथं टोचली, इथं टोचली. गॅरेजात कुणाला लोखंड लागलं की तू कॉलर धरून त्याला दवाखान्यात न्यायचास. गोठ्यातलं लोखंड म्हणजे काय, हे तुला शिकवायची गरज नव्हती. सिलिंडरची भिंत एक सूत की दीड सूत, यावर तू महिनाभर माझं डोकं खाल्लंस. आणि स्वतःच्या हातात बोटभर भोक पडलं, त्याला पाव तास देता आला नाही तुला? दवाखाना माझ्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर. तुझ्या आईला सत्तराव्या वर्षी पोराला पोचवावं लागलं. सुमन वहिनी दारात कुणी आलं की पदर सावरून उभ्या राहतात, आणि नंतर त्यांना कळतच नाही की का उभ्या राहिल्या. हे बघायला मला ठेवलंस. कधी एकदा तू समोर येतोस आणि मी तुला फाडून खातो, असं झालंय मला.

वहिनींनी मला विचारलं होतं. तुला पोचवून आल्यावर अंगणात सगळे बसले होते, त्यांच्यासमोर. "भौजी, तुमी सांगतलं असन ना त्याइले, सुई घ्या म्हनून?"

मी म्हणालो, "व्हय. लय सांगतलं."

"मंग आयकलं नसन," त्या म्हणाल्या. "कोनाचं आयकते थे."

सगळ्यांनी माना हलवल्या. गुलाब हेकट होता, हे गावाला माहीत. माझ्या खोट्यावर तुझ्या स्वभावानं शिक्का मारला, आणि मी तो मारू दिला.

खरं काय झालं, ते तुला माहीत आहे आणि मला. पहिला तुकडा आपण मोजला. पावणेदोन सूत, म्हणजे जवळजवळ पाव इंच. जाडजूड, निरोगी भिंत. तू तो तुकडा माझ्या नाकासमोर नाचवलास. म्हणालास, "घे, मोज अजून! हे फाटनार व्हतं?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आणि मग तू उठलास. चिंधी भिजली होती. टोपी घातलीस आणि म्हणालास, "मी आलोच, वास्या. कोपऱ्यावरून सुई टोचून येतो. गोठ्यातलं लोखंड आहे हे."

तू निघाला होतास, गुलाब. दारापर्यंत गेला होतास.

आणि मी म्हणालो, "बस ना बे. एक बाजू मोजली अन् पयाला. दुसऱ्या बाजूले भेतं काय?"

तू वळलास. माझ्याकडे बघितलंस. टोपी काढून खिळ्याला अडकवलीस आणि पुन्हा घण उचललास.

दुसरी बाजू मोकळी करायला तीन तास लागले. निघाली ती अर्धं सूत. नखानं वाजवली तरी पत्र्यासारखी वाजायची. ओततानाच साच्यातला गाभा एका अंगाला सरकला असणार. तिकडून बीड जाड, इकडून पातळ. म्हणजे तुझा ब्लॉकही तसाच. तू महिनाभर जाड बाजू वाजवत होतास आणि मी पातळ बाजूला घाबरत होतो. दोघंही बरोबर. आणि तरी आपण थांबलो नाही! अर्धं सूत उरलं म्हणून लायनर हवाच, असं मी म्हणालो. अर्ध्या सुतात अजून कातशील तर काय उरेल, असं तू म्हणालास. ते चाललं ते तुझ्या गाडीची वेळ होईपर्यंत. तू स्टेशनकडे पळालास. मी दारातून ओरडलो, "हारला!" सुई माझ्या डोक्यातही नव्हती. तुझ्या होती, पण तुला गाडी पकडायची होती. आणि दुसऱ्या दिवशी हात दुखत नव्हता, मग कोण जातं दवाखान्यात.

नऊ दिवसांनी तुझं पोस्टकार्ड आलं. मी दुकानात उभ्या असलेल्या दोन गिऱ्हाइकांना पहिली ओळ मोठ्यानं वाचून दाखवली. "वास्या, दाढ दुखून राहिली, तोंड नीट उघडत नाही, म्हणून लेखी भांडतो." मी हसलो. म्हणालो, बरं झालं, याचं तोंड एकदाचं मिटलं. ते दोघंही हसले. गोठ्यातलं लोखंड, नऊ दिवस, तोंड उघडत नाही, आणि मी हसलो. दुसरी ओळ होती, "लायनर नाही म्हणजे नाही." ती वाचून मला पुन्हा राग आला आणि मी पोस्टकार्ड खिळ्याला टोचून टाकलं. ज्या खिळ्याला तू टोपी अडकवली होतीस, त्याच. दुसऱ्या दिवशी रहीम आला.

ते पोस्टकार्ड मी आज सकाळी काढलं. ब्लॉकवरचं पोतं ओढलं, दोन्ही तुकडे समोर ठेवले, जाड आणि पातळ, आणि म्हटलं, निदान तुझं म्हणणं पुरतं वाचतो. दुसऱ्या ओळीखाली अजून अक्षरं होती. बारीक, शेवटी शेवटी वाकडी झालेली.

"अन् तू आयकणार नसशीनच, तं लायनरले वरतून कॉलर ठेव, नाईतं खाली घसरन. रेडिएटर दीडपट पायजे, मी पाहून ठेवला. माय विचारते गाडी कवा."

खाली कॉलरचं, म्हणजे नळीच्या वरच्या तोंडाला ठेवायच्या काठाचं, चित्र. मापासकट.

हो म्हणायची तुझी रीत हीच होती. आधी नाही म्हणजे नाही, मग खालच्या अंगाला बारीक अक्षरात सगळं कबूल. मला ते ओळखता यायला हवं होतं; पंधरा वर्षं तेच केलंस. पण गुलाब, हे तुला त्या दुपारी म्हणता आलं नाही? माझ्या तोंडावर? "घाल बाप्पा लायनर, पन कॉलर ठेव." एवढंच. दोन मिनिटांत भांडण मिटलं असतं, तू कोपऱ्यावर जाऊन सुई टोचून आला असतास, आणि मी चहा ठेवला असता. तू नमलास ते पोस्टकार्डावर, आणि मी नमतोय ते आता. लाज नाही वाटली आपल्या दोघांना?

मी बराच वेळ त्या ब्लॉकवर हात ठेवून बसलो. ओरडलोही. माझी बायको आतून बघून गेली.

*

हे लिहिणं अर्धवट टाकून दोन दिवस काम केलं. सहाही लायनर बसले. वरून कॉलर ठेवली, तुझ्या मापानं. कातताना पातळ बाजूकडे हात राखून कातलं, जाड बाजूनं जास्त घेतलं. तुझ्या त्या आगीचं म्हणणंही ऐकलं. लायनर असा दाबून बसवलाय की दोन भिंतींच्या मध्ये केसही जाणार नाही. एकेका सिलिंडरला दोनदा मोजलं. मध्येच एकदा मान वर करून विचारलं, "काय म्हनतं?" दुकानात कुणी नव्हतं. इतकं चांगलं काम मी आजवर केलेलं नाही, आणि त्यात खोट काढायला तू नाहीस. मला त्याचा आनंद होत नाही. घण घेऊन सगळं फोडून टाकावंसं वाटतं.

थोड्या वेळात रहीम येईल. बरोबर वहिनी येताहेत, ब्लॉक स्वतः बघून न्यायचा म्हणाल्या. इंजिन बांधायला महिना लागेल. मग परतवाडा आणि घाट. तुझ्या आईचा निरोप आहे, "वासुदेवाले सांग, मी पुढच्या सीटवर बसन, थो माह्या मांगं. पोराच्या गाडीत त्याची जागा आहे." मागच्या वेळी मला कुणी बोलावलं नव्हतं. या वेळी ती बोलावतेय.

म्हणून आज वहिनींना सांगणार आहे. दोन्ही तुकडे खिडकीत ठेवलेत. म्हणेन, हा पावणेदोन सुताचा, हा मोजल्यावर ते सुई घ्यायला उठले होते. हा अर्ध्या सुताचा, याच्यासाठी मी त्यांना परत बसवलं. तुमचा नवरा हेकट नव्हता, निदान त्या दुपारी नव्हता. मी होतो. तुला जे सांगायचं ते त्या खोलीत तोंडातच राहिलं. वहिनींच्या बाबतीत तसं होऊ देणार नाही. त्या काय म्हणतील, ते मला माहीत नाही.

माझ्या गाडीतून घाटात कोणी उतरायचं नाही, हा तुझा हुकूम. वहिनींनी मला चढूच दिलं नाही, किंवा अर्ध्या वाटेत उतर म्हणाल्या, तर तो एका माणसापुरता मोडेल. मी खाली रस्त्याच्या कडेला उभा राहून आवाज ऐकेन. तुझी आई बसून वर जाईल. इंजिन तापणार नाही, गुलाब, तेवढं मी बघितलंय.